तारीख तोंडातून निघायच्या आधी

ताई नमस्कार,
सांगलीत आमचं छोटं ऑफसेट प्रेस आहे. बाबांनी सुरू केलं, गेली काही वर्षं काउंटर मी बघतो. माझा प्रॉब्लेम असा की समोरच्यानं "कधी देणार?" विचारलं की मला नाही म्हणताच येत नाही. पटकन जवळची तारीख सांगून मोकळा होतो आणि मग रात्री झोप नाही. मे महिन्यात एका लग्नाच्या पत्रिका चार दिवस उशिरा दिल्या, मुलीचे वडील काउंटरवर येऊन सगळ्यांसमोर बोलून गेले, ते अजून डोक्यातून जात नाही. सलग रात्री काढायला लावल्या म्हणून आमचा जुना मशीनमन जूनमध्ये सोडून गेला, त्याचा थोडा ओव्हरटाइमही द्यायचा राहिलाय. आता २० ऑगस्ट उजाडला, सहकारी संस्थांच्या वार्षिक अहवालांचा सीझन डोक्यावर. दोन पतसंस्था आणि एक दूध संस्था, तिघांनाही मी ५ सप्टेंबर सांगून बसलोय. दोघांचं मॅटर (छापायचा मजकूर) आलंय, तिसऱ्याचं ऑडिटमध्ये अडकलंय. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या प्रेसला जातं, हो म्हटलं तर बोलणी खातो. बाबांनी कधी कुणाला परत पाठवलं नाही. मी काय करू? आणि अजून एक, इथल्या एका मंडळाचं दिवाळी अंकाचं काम येऊ घातलंय, घेऊ का?
– एक प्रेसवाला, सांगली

दादा,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलेय कारण तुमच्याकडे खरंच वेळ कमी आहे. मी स्वतः बरीच वर्षं पुण्यात एका प्रेसचं प्रॉडक्शन सांभाळलंय, त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी प्रेसमध्ये काय वातावरण असतं ते मला कुणी सांगायला नको. गणपतीच्या पावती पुस्तकांचे गठ्ठे, पॅम्प्लेट, त्यात अहवाल, फोन सतत वाजतोय, आणि काउंटरवर उभा माणूस म्हणतोय "तेवढं आमचं बघा की ओ".

आधी आपण तुमच्या ५ सप्टेंबरचा हिशोब मांडू, बाकीचं नंतर. अहवाल किती पानी ते तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून मी मधला आकडा धरते. ६४ पानं, ३ हजार प्रती, आतली पानं सिंगल कलर. १८ बाय २३ चा कागद घेतला तर एका बाजूला ४ पानं बसतात, म्हणजे शीटला ८, म्हणजे ८ फॉर्म (दोन्ही बाजूंनी छापायचे शीट), आणि बाजूला एक प्लेट म्हणजे १६ प्लेटा. १६ वेळा ३ हजार म्हणजे ४८ हजार इम्प्रेशन, म्हणजे तेवढ्या वेळा कागदावर छाप. मशीनच्या कॅटलॉगमध्ये स्पीड काहीही लिहिलेला असो, कागद भरणं, ब्लँकेट पुसणं, मध्येच डबल शीट जाणं हे सगळं धरून ताशी ४ हजार हातात पडले तर चांगलं म्हणायचं. झाले १२ तास. प्रत्येक प्लेट चढवून रजिस्टर (छपाईची जागा) जुळवून शाई बसेपर्यंत अर्धा तास, १६ प्लेटांचे ८ तास. म्हणजे एका अहवालाला नुसत्या छपाईचे २० तास आणि तीन अहवालांचे ६०. दिवसाला ८ तासांची शिफ्ट धरली तर साडेसात दिवस मशीननं दुसरं काहीच करायचं नाही, एक पावती पुस्तकसुद्धा नाही.

आणि हे कधीपासून मोजायचं? प्रूफ, म्हणजे छापण्याआधी गिऱ्हाइकाला तपासायला दिलेला नमुना, ओके झाल्यापासून. तुमच्या तिघांपैकी एकाचंही प्रूफ अजून ओके नाही. समजा जादू झाली आणि तिघांचंही २८ ऑगस्टला ओके झालं, तरी ५ तारखेपर्यंत मध्ये रविवार धरून सात दिवस उरतात. त्यात एका बाजूची शाई वाळल्याशिवाय दुसरी बाजू छापता येत नाही, पावसाळी हवेत शाई जास्तच वेळ घेते आणि कागद ओल धरून वाकडा होतो ते वेगळं. कव्हरचं लॅमिनेशन ओल्या शाईवर केलं तर बुडबुडे येतात, म्हणजे तिथंही थांबा. मग फोल्डिंग, गॅदरिंग, बाइंडिंग, कटिंग. बाइंडरकडे तर या दिवसांत आख्ख्या गावाचे अहवाल पडलेले असतात. म्हणजे ५ सप्टेंबरला तिघांचे अहवाल मिळणं शक्य नव्हतं, तुम्ही कितीही रात्री काढल्या असत्या तरी. आणि हे तुम्ही ज्या दिवशी तारीख सांगितली त्याच दिवशी काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत कळलं असतं.

हे मी तुम्हाला बोल लावायला लिहित नाहीये. तुम्ही जेव्हा "५ ला देतो" म्हणता तेव्हा तुम्हाला ते मनापासून शक्य वाटत असतं, हे मला पक्कं माहितीये. माणसाचं डोकंच तसं चालतं. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये यावर लिहिलं, की स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल हे सांगताना आपण ते काम सुरळीत पार पडतंय असं चित्र डोळ्यासमोर आणतो आणि त्या चित्रावरून दिवस सांगतो, तसल्या कामांना याआधी किती दिवस लागले ते बघतच नाही. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ३७ विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारलं. सरासरी साधारण ३४ दिवस असं उत्तर आलं. मग विचारलं की सगळं अगदी वाईटात वाईट झालं तर किती, तर साधारण ४९. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे बघा, वाईटात वाईट धरून सांगितलेला आकडासुद्धा कमी पडला! ठरल्या दिवसात पुरं करणारे तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी निघाले. हे वाचल्यापासून मी कुणालाच, अगदी अनुभवी माणसालासुद्धा, अंदाजानं तारीख सांगू देत नाही. अंदाज मागायचाच नाही, मागचं रेकॉर्ड मागायचं.

तुमच्याकडे ते रेकॉर्ड आहे. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरची बिल बुकं आणि चलनं काढा. प्रत्येक अहवालाचं मॅटर कधी आलं आणि माल कधी गेला, एवढ्या दोनच तारखा एका कागदावर मांडा. दहा-बारा कामं मांडली की तुमच्या प्रेसचा खरा वेग तुमच्यासमोर येईल. तो बघून कदाचित धक्का बसेल, पण यापुढे तारीख सांगायची ती त्या कागदावरून सांगायची.

आणि मांडताना एक बघा, उशीर नक्की कुठे झालाय. मशीनवर फार कमी वेळा झालेला असेल. कोकण रेल्वेचं उदाहरण मला इथे फार पटतं. १९९० मध्ये रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन यांच्या हाती काम आलं, पाच वर्षांत पुरं करायचं ठरलं होतं, संपूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला. सगळ्यांना वाटतं सह्याद्रीचा कातळ फोडण्यात वेळ गेला असेल. पण कातळातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा निघाला, आणि घाम फोडला तो मऊ चिकणमातीतल्या नऊ बोगद्यांनी, त्यातही गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यानं, खोदावं तेवढं परत आत ढासळायचं. तुमचं मशीन म्हणजे कातळ आहे, किती तास लागतील ते मोजता येतं. चिकणमाती म्हणजे प्रूफ. चेअरमनसाहेबांचा फोटो बदला, संचालकांच्या यादीत एक नाव वर घ्या एक खाली घ्या, ताळेबंदात एक आकडा चुकलाय, सेक्रेटरी बाहेरगावी गेलेत सोमवारी बघतील. यात दिवसच्या दिवस जातात आणि ते तुमच्या हातात नसतात, पण तारीख मात्र तुम्ही तुमच्या नावावर देऊन बसलेले असता.

म्हणून यापुढे कॅलेंडरवरची तारीख काउंटरवर सांगायचीच नाही. सांगायचं ते असं, "साहेब, प्रूफवर सही झाली की त्या दिवसापासून कामाचे दहा दिवस." आकडा तुमच्या रेकॉर्डमधून जो निघेल तो घ्या, दहा मी उदाहरणाला म्हटलं. म्हणजे प्रूफ त्यांच्याकडे आठ दिवस पडून राहिलं तर तारीख आपोआप आठ दिवस पुढे जाते आणि ते त्यांनाही दिसतं. जॉब कार्डवर तीन तारखा लिहा: मॅटर पूर्ण मिळालं ती, प्रूफ दिलं ती, प्रूफ ओके होऊन आलं ती. "मॅटर पूर्ण" म्हणजे पूर्ण हं, "फक्त अध्यक्षांचं मनोगत यायचंय" याला पूर्ण म्हणत नाहीत. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवून ओके घेत असाल तर तो मेसेज जपून ठेवा, आणि ओके झाल्यावर करेक्शन आलं तर तिथल्या तिथे सांगा की आता तारीख बदलली, नवीन अमुक. हे शांतपणे, हसऱ्या चेहऱ्यानं सांगता येतं. लोक समजून घेतात, फक्त त्यांना ते आधी कळायला हवं.

लोकांना हे कळत नाही यात त्यांचाही फार दोष नाही बरं का. तुमच्या बाबांच्या काळात खिळे जुळवून मजकूर उभा राहायचा. गिऱ्हाईक प्रेसमध्ये आलं की कंपोझिटर एकेक अक्षर उचलताना त्याला डोळ्यांनी दिसायचा, त्यामुळे वेळ लागणार हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. आज त्यानं मॅटर दिलं की तासाभरात आख्खं पान स्क्रीनवर तयार, रंगीत, फोटोसकट. त्याला वाटतं झालंच की, आता नुसतं बटण दाबायचं. म्हणून मी तर म्हणेन की नवीन गिऱ्हाइकाला एकदा आत नेऊन मशीन आणि बाइंडिंगचं टेबल दाखवाच, दहा मिनिटं जातात पण पुढचे वीस फोन वाचतात.

बाबांनी कुणाला परत पाठवलं नाही म्हणता, ते खरंच असेल. पण तेव्हा गावात प्रेस मोजकी होती आणि एका वेळी हातात कामंही मोजकीच. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट म्हणजे त्यांनी माणसं जोडली. ते तुम्हीही करताय. त्यासाठी प्रत्येकाला जवळची तारीख द्यायलाच हवी असं कुठे आहे?

आता मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. तुम्ही सांगितलेल्या तारखेवर समोरचा माणूस त्याच्या पुढच्या तारखा उभ्या करतो. मे महिन्यातल्या त्या मुलीच्या वडिलांचंच बघा. पहिली पत्रिका सांगलीच्या गणपतीला, मग कुलदैवताला, कुणाचा जोतिबा असेल, कुणाचा खंडोबा, तिथं जायची गाडी ठरलेली असते. मग मामाकडे स्वतः जाऊन द्यायची, भाऊबंद, मग लांबच्या गावांना जाऊन येणं, त्यासाठी कुणीतरी रजा टाकलेली असते. दिवस आधीच मोजके, त्यातून जर २०२६ सारखं वर्ष असेल, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, तर लग्नं सगळी त्याच्या अलीकडे दाटतात आणि सगळ्यांचीच घाई होते. तुमचे चार दिवस उशीर म्हणजे त्यांच्या घरात "आम्हाला पत्रिका वेळेत आली नाही" म्हणून रुसलेली दोन घरं. ते काउंटरवर जे बोलले ते त्या रुसव्यातून आलेलं असणार. त्यांचा राग तुमच्यावर माणूस म्हणून नव्हता, पण राग खरा होता आणि मला तो रास्तही वाटतो.

यातूनच एक फार कामाची गोष्ट निघते. गिऱ्हाईक "कधी देणार?" विचारतं तेव्हा उत्तर द्यायच्या ऐवजी तुम्ही विचारा, "तुमचं पुढचं काम काय आहे यावर?" पत्रिकेवाल्याला विचारा की देवाला कधी जाणार आणि लांबचे नातेवाईक किती. बऱ्याचदा असं निघतं की ५०० मधल्या ५० पत्रिका चार दिवसांत हव्यात आणि बाकीच्या आठवड्यानं चालतात. मग ५० आधी द्या! आणि हो, पत्रिकेचं सॅम्पल अल्बममधून पसंत केलं की आधी होलसेलरला फोन करून स्टॉक आहे का ते विचारा, मग तारीख बोला. अल्बममध्ये कार्ड आहे पण माल संपलाय, नवीन लॉट पंधरा दिवसांनी, हे नंतर कळण्याइतकं वाईट काही नाही.

अहवालाला हाच प्रश्न असा विचारायचा: "सभा कधी आहे?" तुम्ही पत्रात तिघांच्या सभेची तारीख लिहिलेली नाही, मला वाटतं तुम्ही विचारलीच नसावी. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते म्हणून तर सगळे एकदम येतात. सभेची नोटीस सभासदांना साधारण १४ दिवस आधी जायला लागते. त्याच्याही आधी पत्ते घालणं, शिपायानं वाटणं किंवा पोस्टात टाकणं याला तीन-चार दिवस. म्हणजे ज्यांची सभा २८ ला आहे त्यांना माल १० तारखेच्या आसपास मिळाला तरी चालणार, आणि ज्यांची २० लाच आहे त्यांना ५ सप्टेंबर ही तारीखच मुळात उशिराची आहे, त्यांना २ लाच हवाय आणि हे त्यांच्याही लक्षात आलेलं नसेल. तिघांना एकच तारीख देऊन तुम्ही तिघांनाही समान न्याय दिला असं तुम्हाला वाटलं असेल, पण त्यांच्या गरजा एकसारख्या नाहीतच.

तर उद्या सकाळी प्रेस उघडलं की तीन फोन. मेसेज नको, फोनच. किंवा संस्था जवळ असेल तर सरळ जाऊन या. "साहेब, मी ५ तारीख सांगितली होती, ती पाळता येणार नाही असं आत्ता दिसतंय म्हणून आत्ताच सांगायला आलो. तुमची सभा कधी आहे सांगा, त्याप्रमाणे पक्की तारीख देतो." लाइट गेली, ऑपरेटर सोडून गेला, कागद आला नाही, यातलं काही सांगत बसू नका. खरं असलं तरी नको, ऐकणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही, त्याला फक्त आता काय ते हवं असतं. ज्याचं ऑडिट अडकलंय त्याला सरळ सांगा की मॅटर पूर्ण हातात आल्याशिवाय माझ्याकडून तारीख मिळणार नाही. त्यांना अगदीच अडचण होत असेल तर सेक्रेटरींना विचारा, तुमच्या पोटनियमात बसत असेल तर नोटीस आणि विषयपत्रिका वेगळ्या एका पानावर आधी छापून देतो, ती वेळेत वाटा, अहवाल मागून येऊ दे. एक पान एका दुपारचं काम आहे आणि त्यांचं सगळं घोडं तिथंच अडलेलं असतं.

नवीन तारीख मात्र एकदाच द्यायची. पहिल्यांदा चुकलं तर लोक रागावतात पण ऐकतात, दुसऱ्यांदा चुकलं की मग तुम्ही काहीही सांगा, कुणी धरतच नाही. त्यामुळे दुसरी तारीख सांगताना मन मोठं करून दोन दिवस जास्तीच घ्या. पण सरसकट सगळ्यांना वीस-वीस दिवस सांगायची सवयही लावून घेऊ नका. काही जण असं करतात, गिऱ्हाइकं ते ओळखतात आणि स्वतःच मनात दहा दिवस वजा करून मोकळी होतात, मग तुम्ही खरं सांगितलेलं पण फुकट.

दुसरं म्हणजे "बघतो", "करतो काहीतरी", "बहुतेक शनिवारी". हे तुम्ही नक्की म्हणत असणार. तुम्हाला वाटतं आपण शब्द दिला नाही. समोरच्यानं शनिवार ऐकलेला असतो, तो शनिवारी अकरा वाजता काउंटरवर हजर. माहीत नसेल तर हे म्हणा, "काका, आत्ता सांगत नाही, बोर्ड बघून संध्याकाळी सहाच्या आत फोन करतो." आणि सहाच्या आत फोन करा, काहीही झालं तरी. ही छोटीशी वेळ पाळली ना की मोठ्या तारखेवरही विश्वास बसतो. बोर्ड नसेल तर आजच आणा, साधा पांढरा. डाव्या बाजूला दिवस, समोर त्या दिवशी मशीनवर काय. बोर्डवर रिकामी जागा दिसल्याशिवाय तारीख नाही, हा नियम स्वतःला लावा, बाबांनाही सांगा, कारण तुम्ही जेवायला गेलात की काउंटरवर ते बसत असतील आणि जुन्या ओळखीच्या माणसाला ते हमखास "या परवा" म्हणत असतील.

तो बोर्ड भरताना मशीनमन शेजारी उभा पाहिजे. रोज सकाळी दहा मिनिटं. आणि त्यानं "हे नाही बसत साहेब" म्हटलं तर ते ऐकायचं. तुम्ही काउंटरवर एका मिनिटात जी तारीख देता ती पुरी करायला रात्री दोन वाजता पायावर उभा तो असतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं. घरी त्याचीही पोरं असतात, सकाळी त्यांना शाळेत सोडायचं असतं. तुमच्या पत्रात गिऱ्हाइकाच्या बोलण्याचं दुःख बरंच आहे आणि मशीनमन गेल्याचं एका ओळीत आहे, पण माझ्या मते तुमचं सगळ्यात मोठं नुकसान तेच झालंय. तुमच्या मशीनचा आवाज ऐकून रोलर कुठे घासतोय ते सांगणारा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. त्याचा राहिलेला ओव्हरटाइम या आठवड्यात घरी जाऊन द्या. परत ये म्हणून गळ घालायला जाऊ नका, पैसे द्यायला जा. तो आला तर आला.

गिऱ्हाईक शेजारी जाईल ही भीती. जाईल, काही जण जातील, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण सप्टेंबरमध्ये शेजारचं प्रेससुद्धा भरलेलंच असतं, तिथंही तीच गत. उलट माझा सल्ला असा की त्या शेजाऱ्याशी जाऊन बोला. तीनपैकी एका अहवालाच्या प्लेटा त्याच्याकडे जॉब वर्कला द्या, मार्जिन कमी सुटेल पण शब्द राहील, आणि पुढच्या वेळी तो अडला की तुमच्याकडे येईल. प्रेसच्या धंद्यात हे पूर्वीपासून चालत आलंय, यात कमीपणा काही नाही. गिऱ्हाइकाला मात्र सांगून द्या, लपवून नको.

अर्जंट चार्ज लावावा का असं तुम्ही विचारलेलं नाही पण कुणीतरी सुचवेलच म्हणून सांगते. लावा, पण दोन अटींवर. त्या पैशातला ओव्हरटाइमचा वाटा त्याच रात्री काम करणाऱ्याच्या हातात पडला पाहिजे, आणि त्या अर्जंट कामामुळे आधी शब्द दिलेलं एकही काम मागे जाता कामा नये. दुसरी अट पाळता येत नसेल तर कितीही पैसे दिले तरी नाही म्हणा.

ऑर्डर फॉर्मवर तारीख लिहिताना सावध राहा हेही सांगायला हवं. काही प्रेसवाले खाली बारीक अक्षरात "वेळेची हमी नाही" छापतात आणि तोंडानं तारीख देतात, मला ते अजिबात आवडत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ५५ आहे. ज्या व्यवहारात वेळ हाच मुख्य भाग होता असं ठरतं तिथं वेळ चुकली तर समोरच्याला करार रद्द करता येतो, आणि तसं नसेल तरी उशिरामुळे झालेलं नुकसान मागता येतं. पत्रिकेसाठी कुणी कोर्टात जात नाही हे मलाही माहितीये. पण तारखेला वजन असतं आणि ते कायद्यानंही मानलंय, एवढं डोक्यात राहू दे.

राहिला दिवाळी अंक. यंदा घेऊ नका. मला माहितीये की मोह होतो, प्रेसला नाव मिळतं, अंकावर मुद्रक म्हणून आपलं नाव छापून येतं, बाबांनाही आनंद होईल. पण अहवाल परवडले, त्यांची सभा अगदीच अडलं तर दोन दिवस मागेपुढे होऊ शकते, दिवाळी सरकत नाही. लक्ष्मीपूजन झाल्यावर आलेला अंक कोण विकत घेणार, आणि त्यातल्या जाहिरातदारांनी पैसे कशासाठी द्यायचे? त्यात लेखकांचं मॅटर शेवटच्या दिवसापर्यंत येत राहतं, जाहिरातींची आर्टवर्कं त्याच्याही नंतर, म्हणजे मघाशी म्हटलं ती चिकणमाती सगळीच्या सगळी. तुमच्याकडे आत्ता मशीनमन नवीन आहे, त्याच्या हाताचा वेग तुम्हालाच अजून माहीत नाही. अहवालाचा सीझन संपेस्तोवर सप्टेंबर अखेर उजाडणार आणि अंक तर दिवाळीच्या आधी निदान दोन आठवडे विक्रीला लागायला हवा. बसत नाही. मंडळाच्या संपादकांना या आठवड्यातच फोन करून सांगा की यंदा मला जमणार नाही, पुढच्या वर्षी जूनमध्ये बसून बोलू आणि तेव्हा मॅटरची शेवटची तारीख आपण दोघं मिळून ठरवू. आज नाही म्हणालात तर त्यांना दुसरं प्रेस बघायला पुरेसा वेळ आहे.

तुमची,
ताई